पणजोबांचा 'व्हिक्टोरिया क्रॉस' आणि पदकाची कड

तुम्ही लिहिलंय की पणजोबांना पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला असं घरात सांगतात, आणि ट्रंकेत सापडलेल्या गोल, पिवळसर पदकावर पंख असलेली बाई आहे. ते खरं की खोटं, आणि त्यांच्या नोकरीची नोंद कुठे मिळेल, हे तुम्हाला हवंय.

आधी नाराज करतो. हा व्हिक्टोरिया क्रॉस नव्हे. तो काळपट ब्राँझचा क्रूस असतो. तुमच्याकडे आहे ते व्हिक्टरी मेडल. सप्तरंगी फीत बहुधा कधीच गळून गेली असेल. 'व्हिक्टरी'चं 'व्हिक्टोरिया' व्हायला एक पिढी पुरते, आणि हा घोळ फक्त तुमच्याच घरात झालाय असं समजू नका. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची यादी जगजाहीर आहे. मराठा पलटणींतल्या मराठी जवानांचे दोन्ही दुसऱ्या महायुद्धातले, इटलीतले: यशवंत घाडगे (जुलै 1944, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (एप्रिल 1945).

पण पदक टाकाऊ समजू नका. व्हिक्टरी मेडल सुमारे 57 लाख जणांना मिळालं हे खरं, तरी ते मिळायला प्रत्यक्ष रणक्षेत्रात पाऊल ठेवावं लागे. म्हणजे पणजोबा नुसते छावणीत बसून नव्हते. शिवाय हे पदक एकटं येत नसे. त्याच्याबरोबर ब्रिटिश वॉर मेडल असायचंच, लढणाऱ्या शिपायांना चांदीचं. ते घरात नसेल तर ते सोनाराकडे गेलं असं धरून चाला. दुष्काळात किंवा लग्नकार्यात चांदीची पदकं अशीच वितळली.

आता मुख्य काम. पदकाची कड वाचा. तोंडाकडे, पाठीकडे सगळेच बघतात, कडेकडे कोणी बघत नाही. रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी अगदी तिरपी धरा आणि पदक बोटांत हळूहळू फिरवा. ठशांनी उमटवलेली बारीक इंग्रजी अक्षरं दिसतील: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चिंचेने किंवा राखेने घासू नका, झिजलेलं अक्षर परत येत नाही. कडेचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा पातळ वाटला, किंवा अक्षरं हाताने कोरल्यासारखी वेडीवाकडी असली, तर जुनं नाव खरवडून दुसरं घातल्याची शंका घ्या. जुन्या बाजारात असा माल फिरतो.

कडेवरचा नंबर हीच खरी किल्ली. नावाच्या भरवशावर राहू नका. मोरे, कदम, जाधव एकेका पलटणीत ढिगाने होते, आणि गोऱ्या कारकुनाने कानाला लागेल तसं स्पेलिंग लिहिलेलं असतं. माझ्या आजोबांसाठी मी पहिला अर्ज नंबराशिवाय पाठवला होता, फक्त नाव, गाव आणि 'मराठा पलटण' एवढ्यावर. काही हाती लागलं नाही, आणि चूक माझीच होती.

आजोबांचंही तुमच्या पणजोबांसारखंच. आत्या ठामपणे सांगायची, 'आप्पांची लढाई केरळात झाली.' केरळात कसली लढाई, म्हणून आम्ही हसायचो. मग सहा टोकांचा तारा हाती आला, मधल्या मुकुटाभोवती इंग्रजीत 'आफ्रिका स्टार', आणि मागे नंबर-नाव. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या शिपायांना तारे बिननावी मिळाले, हिंदी शिपायांच्या ताऱ्यांवर मात्र नाव ठोकलं गेलं. आपल्याला त्याचा फायदाच. नंबरावरून 3/5 मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन) निघाली, आणि ती पलटण 1941 साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली होती. केरेनचं केरळ आत्याच्या कानात झालं होतं.

पहिल्या महायुद्धातलं पलटणीचं नाव आज जसंच्या तसं शोधलं तर फसाल. 1922 मध्ये सगळ्यांचे आकडे बदलले: 103 ची 1/5 झाली, 105 ची 2/5, 110 ची 3/5, 116 ची 4/5, 117 ची 5/5. पदकावर 103, 110 किंवा 117 निघाली तर मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे बघा. या तिन्ही पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि 29 एप्रिल 1916 ला शरण आल्या. '111 महार' असेल तर ती 1917 ची पलटण, 1921 मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट 1941 ची.

नोकरीच्या नोंदीसाठी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. नंबर, पलटण, वडिलांचं नाव, गाव-तालुका आणि पदकाच्या कडेचे फोटो जोडा. पण फार आशा ठेवू नका. पेन्शन न मिळालेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करायचा लष्कराचा नियम आहे. 'लाँग रोल', म्हणजे पलटणीतल्या शिपायांची नोंदवही, मात्र कायम ठेवतात, म्हणून अर्जात त्याचं नाव घेऊन मागा. पणजोबांना पेन्शन मिळत होतं असं असेल तर घरात पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद शोधा. देव्हाऱ्याखाली किंवा सात-बाराच्या गठ्ठ्यात सापडतो.

पणजोबा युद्धात मारले गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत फुकट शोधता येतं, तीन-चार स्पेलिंगं करून बघा. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, नुसता आकडा होता. यादीत मात्र ती सापडतात. जिवंत परतलेला माणूस तिथे नसणार, म्हणून नाव नाही म्हणजे युद्धावर गेलेच नाहीत असं समजू नका. शौर्यपदक असेल, म्हणजे आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) किंवा इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रातही शोधून बघा.

आणि गावात जाऊन या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडे चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी फलक असतो: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत. साताऱ्याचं अपशिंगे तर त्यासाठीच 'अपशिंगे मिलिटरी' झालं, तिथले बरेच जण पहिल्या महायुद्धाला गेले होते. फलकावर नावं नसतात, पण पणजोबांबरोबर गेलेल्या घरांची माहिती म्हाताऱ्यांकडून मिळते, आणि त्या घरातल्या ट्रंकेत त्याच पलटणीचं दुसरं पदक असू शकतं.

कडेवरची अक्षरं नीट लागली नाहीत तर जशी दिसतील तशी इथे उतरवा. पलटणीचा आकडा आला की पुढचं सांगतो.