अपघात, आग, पूर अशा ठिकाणी मदतकार्यात अडथळा न आणता आणि माणसांना न दुखावता बातमीचे फोटो कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या ठिकाणी दैनिकासाठी फोटो काढायला नुकतीच सुरुवात केली आहे. अग्निशमनचे जवान, पोलीस आणि १०८ रुग्णवाहिकेची माणसं कामात असताना कुठे उभं राहायचं आणि कुठले फोटो कार्यालयात पाठवायचे, हे कळत नाही. मी जिल्ह्याच्या गावात हेच काम करतो, म्हणून रोज उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

सुरुवात तुमच्या दुचाकीपासून. घटनास्थळी सर्वांत जास्त अडचण कॅमेऱ्याची होत नाही, गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाड्यांची होते. पहिल्या बंबामागे पाण्याचा टँकर येणार, रुग्णवाहिका वळणार, क्रेन येणार. गाडी शंभरेक मीटर अलीकडे, रस्ता सोडून लावा आणि चालत जा. रुग्णवाहिकेच्या मागच्या दारासमोरची जागा कायम मोकळी ठेवा. जमिनीवर पसरलेली होज, म्हणजे बंबाची पाण्याची नळी, रिकामी दिसली तरी तिच्या वळणात उभं राहू नका. पाणी सुटलं की ती झटक्यात ताठ होते आणि पायाखालून माणसाला उडवते.

तुम्ही मदतपथकाच्या आधी पोचलात, तर आधी ११२ किंवा १०८. नेमकं ठिकाण, जखमी साधारण किती, कोणी आत अडकलंय का, एवढं सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. अडकलेल्याला ओढू नका, जखमी दुचाकीस्वाराचं हेल्मेट उपटू नका. मानेला मार असेल तर तेवढ्यानेही कायमचं नुकसान होतं. मदत केली म्हणून पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती बाळगू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. फोटो त्यानंतर.

पथक आल्यावर पहिली काही मिनिटं कोणालाही प्रश्न विचारायचा नाही. वायरलेस कोणाच्या हातात आहे आणि बाकीचे कोणाकडे बघून काम करतायत ते पाहा, तोच प्रभारी. त्याला एकदाच विचारा, ‘साहेब, मी इथे उभा राहू का?’ तो म्हणाला मागे व्हा, तर मागे व्हायचं. हुज्जत घालून मिळालेल्या जागेवरून एक फोटो मिळेल, पण पुढच्या घटनेला तुम्हाला दोरीच्या बाहेरच ठेवतील. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची लेन्स याच कामासाठी असते.

गॅसचा टँकर उलटला असेल तर नियम वेगळे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गटारात, नाल्यात, रस्त्यालगतच्या चरात साचतो. वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे टँकरकडे तोंड केल्यावर वारा तुमच्या पाठीवर येईल असं आणि उंचावर थांबा. नुसती गळती असली तरी किमान १०० मीटर, टँकरला आग लागली असेल तर १.६ किलोमीटर. जवळ फ्लॅश नको, फोनही नको. ठिणगीला एवढं निमित्त पुरतं. टँकरच्या पाटीवर पदार्थाचा चार अंकी क्रमांक असतो, एलपीजीचा १०७५. लांब लेन्समधून तो वाचता आला तर नियंत्रण कक्षाला कळवा.

रात्रीच्या आगीचे फोटो बिघडतात त्याचं मोठं कारण जवानाच्या कोटावरच्या चकाकणाऱ्या पट्ट्या. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश उडवला की पट्टी तो प्रकाश आला त्याच दिशेने, म्हणजे सरळ लेन्सकडे परत फेकते. फोटोत पांढऱ्याफटक रेघा येतात आणि कॅमेऱ्याने त्यांच्यावरून उजेड मोजल्यामुळे चेहरा काळा पडतो. धूर असेल तर फ्लॅश धुरावरच आपटतो, मागचं काहीच दिसत नाही. शिवाय अंधाराला सरावलेल्या जवानाचे डोळे दिपतात, आणि तो शिडीवर असेल तर ते फार महागात पडतं. म्हणून फ्लॅश बंद. बंबाच्या फ्लडलाइटचा उजेड जवानाच्या चेहऱ्यावर पडेल अशी बाजू धरा, एफ २.८, शटर १/२५०, आयएसओ ३२०० ते ६४०० इथून सुरुवात करा. जास्त आयएसओने फोटोत दाणे दिसतात, पण वर्तमानपत्राच्या कागदावर तेवढा दाणा खपतो, हललेला फोटो खपत नाही. बंबावरचे एलईडी दिवे सतत उघडझाप करतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने फोटोत आडवे पट्टे येतात, तिथे मेकॅनिकल शटर वापरा.

दरीतल्या बचावकार्यात दोरावर पाय देऊ नका. दोरात घुसलेली माती आणि खडे आतले धागे कापतात, आणि त्याच दोरावर कोणाचा तरी जीव असतो. कड्याच्या टोकाशी गर्दी केली की सुटणारा दगड खाली काम करणाऱ्याच्या डोक्यात जातो. खोपोली, लोणावळा, महाबळेश्वर इथले ट्रेकर्स हे काम स्वयंसेवक म्हणून करतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा गाडीरस्ता नव्हता, सगळं चालत चढवावं लागलं. अशा ठिकाणी पाणी आणि खाऊ स्वतःचा न्या, पथकासाठी आलेल्याला हात लावू नका. तिथे ड्रोन उडवायचा मोह होईल. हेलिकॉप्टर येण्याची शक्यता असेल तर ड्रोन पिशवीतच राहू द्या.

आता काय पाठवायचं ते. जखमीच्या चेहऱ्यापेक्षा त्याला धरणारे हात दाखवा. पत्रा कापणारा जवान, सलाईनची बाटली उंच धरून उभा असलेला गावकरी, वाहतूक वळवणारा हवालदार, यांतून घटना किती मोठी होती ते पुरेसं कळतं. मृतदेहाच्या फोटोमुळे वाचकाला जास्त काही कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

गाडीच्या नंबरप्लेटबद्दल फार जपा. घरच्यांना पोलिसांचा फोन जायच्या आत तो नंबर व्हॉट्सअॅपवर गावभर फिरतो, आणि आईला मुलाचं कळतं ते शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. नातेवाइकांना कळवल्याची पोलिसांकडून खात्री होईपर्यंत नंबर, चेहरा, चप्पल, दप्तर, ओळख पटेल असं काहीच बाहेर जाऊ देऊ नका. स्वतःच्या स्टेटसवर तर नाहीच.

डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपत नाही. कपडे, गोंदण, शाळेचा गणवेश, मागचं दुकान यांवरून गाव ओळखतंच. झाकायचं तर पूर्ण भरीव रंगाने झाका, आणि झाकलेली प्रत मेटाडेटा (फाइलमध्ये लपलेली वेळ, ठिकाण अशी माहिती) काढून नवी फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. काही वेळा फाइलच्या पोटात मूळ फोटोचं छोटं चित्र तसंच राहून जातं. तरीही शंका वाटली तर तो फोटो देऊच नका.

काही बाबतीत कायदाच आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, वस्ती सगळ्यालाच मनाई करतं; बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अल्पवयीन आरोपी आणि साक्षीदारालाही लागू आहे. म्हणजे घराच्या दाराचा फोटोही चालत नाही. आत्महत्येच्या बातमीत जागा, साधन, चिठ्ठी, व्यक्ती यांपैकी कशाचाच फोटो नको.

फोटोओळीत फक्त स्वतः पाहिलेलं किंवा अधिकाऱ्याने सांगितलेलं लिहा. ‘मद्यधुंद चालक’, ‘शॉर्टसर्किटमुळे’ हे तपासाआधी लिहायचे शब्द नाहीत. जवानाचं नाव आणि हुद्दा त्यालाच विचारून वहीत लिहून घ्या. फायरमनला अधिकारी केलं किंवा आडनाव चुकलं तर पूर्ण केंद्राला वाईट वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे.

पुरात पाणी चढतानाचे फोटो सगळेच काढतात. कोल्हापूर-सांगलीला २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पूर ओसरल्यानंतरचं काम त्याहून लांबलं: घरातला गाळ, भिजलेली कागदपत्रं, मेलेली जनावरं, तलाठ्याचे पंचनामे, पाणीपुरवठ्याची दुरुस्ती. आठव्या-दहाव्या दिवशी परत जा. मदतीचं पाकीट घेताना समोरून फोटो काढू नका. घेणाऱ्याच्या पाठीमागून किंवा रांगेच्या शेवटून काढा. चेहरा हवा असेल तर नाव विचारा, कुठे छापणार ते सांगा, नको म्हटलं तर कॅमेरा खाली.

ओळख घटना घडायच्या आधी करायची असते. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्यातल्या प्रात्यक्षिकांना जा. शिडी कुठून लागते, होज कशी उलगडते, कोण कुठे धावतो ते तिथे नीट पाहता येतं.

छापून आल्यावरही एक काम उरतं. फाइलच्या नावात तारीख आणि ठिकाण घाला. जुना फोटो दुसऱ्या अपघाताला लावला गेला तर एखादं कुटुंब पुन्हा हादरतं. म्हणून डेस्कला सांगून ‘संग्रहित छायाचित्र’ हे शब्द ओळीत टाकून घ्या. ‘वेबसाइटवरचा फोटो काढून टाका’ असा कुटुंबाचा फोन आला, तर वाद न घालता तारीख, लिंक आणि कारण लिहून त्याच दिवशी संपादकांकडे द्या, आणि काय ठरलं ते त्या घराला स्वतः फोन करून कळवा.