‘करण्यात आले’, पण कुणी केलं?

पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा मी पाठीवर पंप घेऊन तुरीत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. रेडिओची जिल्ह्याची अंशकालीन वार्ताहर झालीस, फार बरं वाटलं. तुझी आई बाजारात भेटली तर म्हणते, “पोरीले सरकारी नोकरी लागली, भाऊ.” तिला आत्ताच समजावून सांग, नाहीतर पुढच्या वर्षी पेन्शनचं विचारेल. हे मानधनाचं काम आहे. सोबत हाताशी दुसरं काही लागतंच. मी वावर सांभाळून केलं.

तू विचारलंस, सरकारच्या रेडिओवर खरं सांगता येतं का. फोनवर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळा झालो असतो, पण दोन्ही उत्तरं अर्धीच झाली असती. त्यापेक्षा क्रियापदांपासून सुरुवात करू.

रोज संध्याकाळी तुझ्या मोबाइलवर जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट येईल. तारखेपुढे कंसात ‘जिमाका’ असतं. अर्धी नोट कोण कोण उपस्थित होतं यात जाते, म्हणून ती खालून वर वाचायची सवय लाव. कामाचं असलं तर शेवटच्या परिच्छेदात असतं. आणि मग ती वाक्यं: पंचनामे करण्यात येत आहेत, मदत देण्यात येईल, निर्देश देण्यात आले. शाळेत बाई ‘कर्ता शोधा’ म्हणायच्या ना, तेवढंच कर. तलाठ्यानं केलं, कृषी सहायकानं केलं, की अजून कुणी जागचं हललंच नाही? त्या वाक्यात ही तिन्ही उत्तरं आरामात मावतात.

मी हे फार महागात शिकलो. महागात म्हणजे, किंमत दुसऱ्यानं मोजली.

एका नोव्हेंबरात सलग तीन दिवस अवकाळी पाऊस लागला. वेचणीला आलेला कापूस पऱ्हाटीवरच भिजला. मी एका कचेरीत फोन लावला. पलीकडून आवाज आला, “लिहा, पंचनामे सुरू करण्यात आले आहेत.” मी घाईत बातमी फोनवरून सांगितली आणि ‘सुरू’ हा शब्द माझ्याच हातून गळाला. बातमीपत्रात गेलं, पंचनामे करण्यात आले आहेत. दुसऱ्या दिवशी पारावर आमच्या गावचे एक म्हातारे भेटले. धोतराच्या सोग्यात चार बोंडं बांधून आणली होती. एक माझ्या हातावर ठेवलं. ओल्या कापसाला कुबट वास सुटतो, तसा सुटला होता, आणि आतल्या सरकीतून नखाएवढा पांढरा कोंब बाहेर आला होता. म्हणाले, “आटोपले म्हणते पंचनामे. आपलं राहूनच गेलं. मंग आता हा ठेवून का करू?” मी म्हटलं, चौकशी करतो. मी चौकशी करेपर्यंत त्यांनी तो वेचला, अंगणात वाळवला आणि पडेल भावात व्यापाऱ्याला देऊन टाकला. तलाठी आठव्या दिवशी आला. वावरात दाखवायला काही उरलं नव्हतं.

ते मला कधी काही बोलले नाहीत. रेडिओवर त्यांचा विश्वास होता, एवढंच. आणि तो विश्वास कुण्या मंत्र्याच्या भाषणानं कमावलेला नव्हता. पावसाचा अंदाज, बाजार समितीतले भाव, धरणाचं पाणी, असल्या बारीकसारीक गोष्टी वर्षानुवर्षं ऐकून तो साचला होता. मी त्यातलाच मूठभर उधळला.

हे कर्ता नसलेलं वाक्य काही आपल्या कलेक्टर कचेरीनं शोधून काढलेलं नाही. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत युनियनमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. २७ तारखेला जवळचं प्रिपयात हे अख्खं शहर बसगाड्यांतून रिकामं केलं, पण देशाला सांगितलं नाही. २८ ला सकाळी स्वीडनमधल्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग मोजला गेला आणि बोभाटा झाला, तेव्हा कुठे रात्री ९ च्या सरकारी टीव्ही बातम्यांत चार-पाच वाक्यं आली. अपघात झाला आहे, एका भट्टीचं नुकसान झालं आहे, उपाययोजना करण्यात येत आहेत, बाधितांना मदत देण्यात येत आहे, शासकीय आयोग नेमण्यात आला आहे. भाषा रशियन, पण मला तरी ती जिमाकाचीच वाटते. त्यात एकही वाक्य धड खोटं नाही, हे ध्यानात घे. किती लोक, कुणाची चूक, आणि घराबाहेर पडावं की नाही, एवढंच राहून गेलं होतं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. आणीबाणीत मी शाळेत होतो. बाबूजी रात्री ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन बीबीसीची हिंदी सेवा लावायचे, आवाज इतका बारीक की मुंगीनं ऐकावा. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींना सकाळी गोळ्या घातल्या. आकाशवाणी आणि दूरदर्शननं निधनाची अधिकृत बातमी दिली संध्याकाळी. राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते. स्वतःच्या आईची बातमी पक्की करायला त्यांनाही बीबीसीच ऐकावी लागली.

त्यानंतर कायदा झाला, १९९० साली, आणि तो अमलात यायला १९९७ उजाडलं. प्रसार भारती, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी संस्था, स्वायत्त झाली म्हणतात. पण पैसा मुख्यतः केंद्र सरकारकडूनच येतो आणि वृत्त विभागाच्या मोक्याच्या खुर्च्यांवर भारतीय माहिती सेवेतले अधिकारी बसतात. खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे टीव्हीवर पन्नास जण ओरडत असले, तरी रेडिओवर बातमी सांगणारा एकच आहे. तुझ्या वाक्यावर दुसरा कुणी उतारा देणार नाही, म्हणून एवढं दळण दळतो आहे.

नेमकं बोलणं या यंत्रणेला जमत नाही असं मात्र समजू नकोस. पावसाळ्यात अप्पर वर्धा धरणाची नोट बघ. तेरापैकी किती दरवाजे, किती सेंटिमीटरनं उघडले, किती वाजता, किती घनमीटर पाणी सुटतं आहे, कुठल्या काठच्या गावांनी सावध राहायचं, सगळं. त्या नोटेत धुकं नसतं, कारण चुकलं तर माणसं वाहून जातात आणि सही करणारा सापडतो. तीच कचेरी, तोच टंकलेखक. मग पीकविम्याच्या नोटेतच त्याला आकडे का आठवत नाहीत, हे तू आदबीनं विचारायचं.

आकड्यांचंही तसंच. शेतकरी आत्महत्यांचा आकडा हाती आला की पहिला प्रश्न, हा सगळ्यांचा की फक्त ‘पात्र’ ठरलेल्यांचा? मृत्यूची पात्रता ठरवणारी समिती आपल्याकडे बसते. कर्ज, नापिकी, तगादा यांचे कागद जुळले तर १ लाखाची मदत, नाहीतर ‘अपात्र’. दोन्ही घरांत माणूस गेलेलाच असतो. २००६ च्या १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा मी तो आकडा कितीदा सांगितला असेन. त्यातले आमच्या तालुक्यात किती आले, हे विचारायचं मला फार उशिरा सुचलं. पैसेवारीचं, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाचं, वेगळं पत्र लिहीन. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम यांतला फरक न सांगता ‘पैसेवारी जाहीर’ अशी बातमी तेवढी देऊ नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. आकाशवाणीची आचारसंहिता आहे. कुणाची बदनामी नाही, पक्षावर नाव घेऊन हल्ला नाही. त्याचा त्रागा करू नकोस. ‘प्रशासनाचा भोंगळ कारभार’ असं लिहिशील तर ते कापलं जाईल, आणि खरं सांगू, जायलाच हवं. ते पारावरही बोलतात. पण ‘गावात टँकर १२ दिवसांपासून आलेला नाही, असं सरपंचांनी सांगितलं, तहसील कार्यालयानं शनिवारी टँकर पाठवू असं सांगितलं’ हे लिहिलंस, तर कापायला काही हाती लागत नाही. त्यात टीका नाहीच. दिवस मोजलेले आहेत, सांगणारा आहे, वार आहे. आणि शनिवारी स्वतः जाऊन बघ टँकर आला का. हे शेवटचं आम्ही बहुतेक वेळा करत नसू.

बातमीपत्र काही मिनिटांचं आणि विदर्भाचे जिल्हे ११. तुझ्या दहातल्या सात बातम्या लागणार नाहीत. त्यात दर वेळी कारस्थान शोधू नकोस, पण वही ठेव. काय पाठवलं, काय लागलं, कुठला शब्द बदलला. चार-सहा महिन्यांनी पानं उलटून बघ. कुठल्या विषयाला कायम जागा नसते ते तुझं तुलाच दिसेल.

माझ्या वह्या माळ्यावर आहेत, उंदरांनी सोडल्या असतील तेवढ्या. रविवारी ये आणि घेऊन जा. त्या कापसाच्या बातमीचं पान दुमडून ठेवलं आहे. तुझी काकू मुंगाचे वडे करणार आहे, तेव्हा जेवूनच जायचं, पण दुपारीच ये. फाट्यावरून शेवटची काळीपिवळी साडेपाचला निघते आणि ती भरली की थांबत नाही.

तुझा,
काका