पालकत्वाचे वर्ग करून आई-बापांना मूल वाढवण्याबद्दल खरंच काही नवीन कळतं का?

कळतं, पण वर्ग कसला आहे त्यावर आहे सगळं. मी खानापूर तालुक्यातली, दोन पोरांची आई, दोन्ही तऱ्हा बघितल्यात म्हणून सांगते.

आधी बेळगावात एका हॉलमध्ये दीड तासाचं लेक्चर ऐकलं. मोबाईल देऊ नका, मारू नका, मुलांशी बोला. खरंच होतं की सगळं, पण घरी येऊन पोरगी रडायला लागली की हात उठायचा तो उठायचाच, कारण ती असं का करतेय तेच मला कळत नव्हतं.

धाकटा दीड वर्षाचा असताना आमच्या अंगणवाडीत आयांची मीटिंग व्हायची, पोरं मांडीवर घेऊनच बसायचं. हा वाटी खाली टाकायचा, मी उचलून द्यायची, हा परत टाकायचा, चौथ्या वेळी मी हातावर चापट दिली. टीचर म्हणाल्या, अगं तो त्रास देत नाहीय, टाकल्यावर काय होतंय ते बघतोय, आता चमचा दे, मग तुझी ओढणी दे. ओढणी पडली, आवाजच आला नाही, तर हा वाकून खाली बघतच राहिला आणि मग माझ्याकडं बघितलं. ते तोंड अजून डोळ्यासमोर आहे, इतके दिवस मी त्याला हट्टी म्हणत होते.

जमैकात किंग्स्टनला 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला, त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या आणि पोराशी कसं खेळायचं-बोलायचं ते आईला करून दाखवायच्या, खेळणी पण घरातल्याच वस्तूंची. 20 वर्षांनी बघितलं तर ही मुलं, ज्यांच्या घरी असं कोणी गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा 25 टक्के जास्त कमवत होती.

आणि आमच्या सीमाभागात भाषेचं एक आहेच. बाहेर कानडी, घरात मराठी, शाळा इंग्लिश मीडियमची पाहिजे, म्हणून मी थोरलीशी "वॉटर पी, हँड वॉश कर" असंच बोलायची. टीचर स्वतः कानडी, तरी त्याच म्हणाल्या तुझ्या भाषेत भरपूर बोल, गोष्टी सांग, बाकीच्या भाषा त्यावरच चढतात. हे मला कोणी आधी सांगायला पाहिजे होतं.

एकच खटकतं, बोलावतात फक्त आयांना. मी शिकून यायची आणि घरात सासूबाई म्हणायच्या लाडावून ठेवतेस. मग त्यांनाच सोबत न्यायला लागले, आता त्याच त्याला डबे-झाकणं काढून देतात. ह्यांना पण पुढच्या मीटिंगला रजा टाकायला लावलीय.