चा सिउ बाओ फुटत का नाही?

प्रश्न: हाँगकाँगला दिमसमच्या (छोट्या चिनी खाऊच्या) हॉटेलात खाल्लेला चा सिउ बाओ, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण भरलेला वाफवलेला पाव, वरून कापसाच्या बोंडासारखा उमललेला होता. घरी यीस्ट घालून केलेले मात्र गोल, गुळगुळीतच राहतात; काहींवर पिवळे ठिपकेही पडतात. शिवाय आत मांस आहे म्हणून हे खाणं पौष्टिक धरावं का?

उत्तर: बोंड फुटतं ते बेकिंग पावडर आणि वाफेच्या जोरावर. नुसतं यीस्ट पीठ फुगवतं, फाडत नाही.

बारा बाओंसाठी 240 ग्रॅम मैद्यात 60 ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळा. नुसत्या मैद्याचं पीठ चिवट होऊन ताणलं जातं, तडकत नाही. त्यात 80 ग्रॅम पिठीसाखर, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 20 मिली तेल आणि 150 मिली कोमट पाणी घालून मळा. पीठ दुप्पट झालं की मगच 10 ग्रॅम ताजी बेकिंग पावडर चाळून घाला आणि पुन्हा भरपूर मळा. पिवळे ठिपके म्हणजे बेकिंग पावडरमधल्या सोड्याचे नीट न मिसळलेले कण. त्या जागी मैदा पिवळा पडतो. मग पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

सारणाला डुकराच्या खांद्याचं, थोडी चरबी असलेलं मांस घ्या. सोया सॉस, मध, चिनी पंचमसाला लावून भाजलेलं हे मांस म्हणजेच चा सिउ. त्याचे 200 ग्रॅम बारीक तुकडे ऑयस्टर सॉस, सोया सॉस, साखर आणि कॉर्नफ्लोअरच्या दाट रश्श्यात घोळवून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. कोमट सारण पाघळतं आणि जोड सुटतो.

मोदकासारख्या चुण्या घालून तोंड मिटा, चुण्या वरच ठेवा. तडा तिथूनच जातो. पाणी खळखळ उकळत असतानाच बाओ ठेवा, मोठ्या आचेवर बारा मिनिटं. मध्ये झाकण उघडू नका. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून पापुद्रा ओला राहतो.

आता पौष्टिकतेचं. या मापाच्या एका बाओत साधारण 180 ते 200 कॅलरी आणि 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. बहुतेक ऊर्जा मैदा आणि साखरेची. मांस जेमतेम 17 ग्रॅम. त्याला प्रथिनांचा आहार म्हणू नये. मीठही बरंच: एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलीग्रॅम सोडियम असतं, तर जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000 आहे. रक्तदाब असेल तर एकावर थांबा, सोबत वाफवलेली पालेभाजी घ्या. भाजलेल्या, चकचकीत बाओत लोणी आणि साखर आणखी जास्त असते. शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर ऑयस्टर सॉस पूर्ण वगळा.