तेरला गेलात तर देवळाच्या मागच्या बाजूला जा

धाराशिवमध्ये एक दिवस हाताशी आहे, तुळजापूर झालंय, जुन्या देवळांसाठी तेरला जावं का आणि गाइड लागतो का, असं तुम्ही विचारलंय. जाच. अंतर फार नाही, २०-२५ किलोमीटर. आणि गावातलं कुणीतरी सोबत घ्या.

मी त्रिविक्रमाच्या देवळासमोर दोन फोटो काढून निघालोच होतो. समोरून खरंच काही वाटत नाही, सपाट छताचा मंडप आणि विटांच्या भिंती. पारावर बसलेले एक मामा म्हणाले, "समोरून काय बघायलाव? मागं चला."

मागची भिंत कोपरा न करता गोल वळलीय आणि वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. लेण्यातलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, डोंगरात न कोरता विटांनी रचलं तर असंच दिसेल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृहच असावं, असं बरेच अभ्यासक मानतात, मंडप नंतरचा. आत आता त्रिविक्रमाची मूर्ती आहे. मामांच्या मते देऊळ एका रात्रीत बांधलं. मी वाद घातला नाही.

मग त्यांनी घरून विटेचा तुकडा आणून बादलीत टाकला. तरंगला! बोटानं चाचपला तर भोकंच भोकं. मातीत मिसळलेलं भाताचं तूस भट्टीत जळून जातं, त्याच्या जागा पोकळ राहतात. "गोरोबाकाकाचं गाव हाय, मातीतलं आमाला कळतंय," मामा म्हणाले (गोरोबाकाका म्हणजे संत गोरा कुंभार) आणि थापटण्यानं मडकं वाजवावं तसं भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं.

लामतुरे वस्तुसंग्रहालय सोडू नका, फक्त सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथलं कापड गाड्यांतून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात जायचं. हे वाचून मग तिथले मणी आणि मातीच्या बाहुल्या बघा. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच आहे, पण तोवर ऊन चढलं होतं, मी ते घाईत उरकलं.

मामांनी पैसे काही घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला, आणि दुसऱ्या वेळी बिल त्यांनीच दिलं.