कृत्रिम पाय आणि दहा हजार पावलांचा आग्रह

प्रश्न : माझे वय ५४ आहे. मधुमेहामुळे माझा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. कृत्रिम पाय लावून मी घरात आणि कार्यालयात वावरतो; मात्र घरचे सांगतात तशी रोज १०,००० पावले चालणे मला जमत नाही. माझी हालचाल कमी पडते आहे का?

उत्तर : १०,००० हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५च्या सुमारास पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावातून तो रूढ झाला. तेव्हा तो गाठता येत नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. शिवाय कृत्रिम पायावर चालताना तेवढ्याच अंतराला अधिक शक्ती खर्च होते. गुडघ्याच्या वरून पाय काढलेल्यांमध्ये हा खर्च आणखी वाढतो, आणि रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे पाय गमावलेल्यांना अपघातात पाय गमावलेल्यांपेक्षा लवकर दम लागतो. म्हणून पावलांपेक्षा श्रमाकडे पाहावे : बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला तर तो मध्यम व्यायाम समजावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी, अपंगत्व असलेल्यांसाठीही, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे अशा व्यायामाची शिफारस केली आहे. तो थोडा थोडा विभागून केला तरी चालतो. फोनवरील पावलांच्या नोंदीवर मात्र फार विसंबू नये, कारण संथ चालीतली बरीच पावले त्यातून निसटतात.

माझ्या मते आपल्यासारख्या बैठे काम करणाऱ्याला चालण्याइतकीच काळजी बसण्याची घ्यावी लागते. गुडघा तासन्‌तास वाकवून ठेवला, किंवा त्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय लागली (ती आरामदायी वाटते, हीच अडचण), तर तो आखडतो आणि मग कृत्रिम पायावर सरळ उभे राहणे कठीण होते. त्यामुळे कामाच्या मध्ये वरचेवर उठावे, बसल्या बसल्या गुडघा पूर्ण सरळ करावा, आणि मांड्या व नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. हात फिरवण्याची सायकलही उपयोगी पडते.

चालणे वाढवायचे ते हळूहळू, आणि त्वचेकडे लक्ष ठेवून. दिवसभरात उरलेल्या पायाचा (गुडघ्याखाली शिल्लक राहिलेल्या भागाचा) आकार कमी झाल्याने सॉकेट, म्हणजे तो भाग ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, सैल वाटू लागले, तर त्या भागावर एखादा मोजा वाढवावा. रोज रात्री उरलेला पाय आणि डाव्या पायाचा तळवा आरशात नीट पाहावा, कारण मधुमेहात संवेदना मंदावलेली असल्यास जखम दुखतही नाही. कृत्रिम पाय काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीही लाली कायम राहिली, किंवा फोड दिसला, तर तो न लावता तंत्रज्ञाकडून सॉकेट तपासून घ्यावे आणि जखम डॉक्टरांना त्वरित दाखवावी.