जुना मोल्डर परत यायला हवा असेल तर

छठला, म्हणजे दिवाळीनंतरच्या बिहारी सणाला, तुमच्या फाउंड्रीतून गावी गेलेल्या सात मोल्डरपैकी (साचे भरणारे कामगार) चारच परत आले, पगार वाढवतो म्हटलं तरी बाकीचे येईनात, काय करू असं विचारलंयत. कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीमध्ये, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, बावीस वर्षं काढली, आधी कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे करतात तो विभाग), मग प्रॉडक्शन, त्यामुळे बघितलंय तेच सांगतो.

पगाराच्या आधी एक बघा, तुमच्या कागदावर त्या माणसाची किती वर्षं दिसतात. आमच्याकडं गयाचा एक भट्टीवाला होता, नऊ वर्षं भट्टीवर. लॅडलमधल्या (रस ओतायच्या भांड्यातल्या) वितळलेल्या रसाचा रंग बघून म्हणायचा, साहब ठंडा हो गया, मत डालो, आणि पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र) लावला की तेच निघायचं. पण ठेकेदार त्याला दर अकरा महिन्यांनी कागदावर काढायचा आणि परत नवीन म्हणून घ्यायचा, त्यामुळं नऊ वर्षांनीसुद्धा रजिस्टरला अकुशल, ग्रॅच्युइटीचा पत्ता नाही, पीएफचे तीन वेगवेगळे यूएएन (खाते नंबर). बहिणीच्या लग्नाला गेला तो तिकडूनच राजकोटला गेला, महिन्याला हजार रुपये जास्त मिळाले म्हणून. बरोबरच होतं त्याचं, इकडं काय अडकलं होतं त्याचं? पुढचे दोन महिने आमचं कोल्ड शटचं (रस थंड पडून नीट न जुळल्याचा दोष) रिजेक्शन असं वाढलं की कस्टमरचा माणूस येऊन बसायला लागला. ती रजिस्टरं तपासल्याची सही माझी असायची, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम, जुनी माणसं ठेकेदाराकडून काढून स्वतःच्या रोलवर घ्या. परमनंट जमत नसेल तर निदान फिक्स्ड टर्मवर घ्या, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. आणि हे नुसतं मनात ठेवू नका, हिंदीत समोर बसून आकडा लिहून दाखवा. महिन्याचा बेसिक-डीए 15,000 असेल तर पाच वर्षांच्या ग्रॅच्युइटीचे 43,000 च्या वर होतात. पीएफचंही तसंच, गावी जाताना पेन्शनचेही पैसे काढले की पेन्शनची सर्व्हिस पुसली जाते आणि 10 वर्षं भरली तर पेन्शन बसते हे दहातल्या आठ जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. जुने यूएएन जोडून द्यायला तुमच्या ऑफिसातल्या पोराला एक दुपार लागेल.

दुसरं म्हणजे बायकापोरं. एका खोलीत आठ जण राहणारा माणूस कधीही पिशवी उचलतो, पण पोरगं इथल्या शाळेत जायला लागलं की तो टिकतो, हे मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितलंय. आमच्या एका फेटलिंगवाल्याची (कास्टिंग घासून साफ करणाऱ्याची) मुलगी झेडपीच्या शाळेत चौथीत होती, पगाराची मराठी स्लिप तीच बापाला वाचून दाखवायची, ओव्हरटाइमचे चार तास कमी लागलेत हे तिनंच पकडलं. तो माणूस अजून तिथंच आहे. टीसी नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) तसं स्पष्ट आहे, मालकानं एकदा हेडमास्तरांना भेटलं तरी काम होतं. खोलीचं डिपॉझिट तुम्ही भरा, पगारातून थोडंथोडं वळतं करा. रेशन बिहारच्या कार्डावर इथंही मिळतं, काही धान्य इकडं आणि काही तिकडं घरच्यांनी उचललं तरी चालतं, फक्त पहिल्यांदा दुकानात कुणीतरी बरोबर जावं लागतं. ईएसआयचं (कामगार आरोग्य विम्याचं) कार्डही घरच्यांना गावाकडं वापरता येतं.

बायकापोरांचं हे जपानमध्येही दिसतं. जपाननं 2019 ला परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा काढला तेव्हा पहिल्या पायरीवर पाच वर्षंच आणि कुटुंब आणायचं नाही असं होतं, वरची पायरी गाठली की कुटुंबही आणता येतं आणि व्हिसा पुन्हापुन्हा वाढतो, 2023 ला तर ही वरची पायरी बऱ्याच उद्योगांना खुली केली. त्यांनाही माणूस टिकवायचाच होता.

रजेचं भांडण घालू नका, सणाला तो गावी जाणारच. पण निम्मे छठला आणि निम्मे होळीला अशी वाटणी गणपतीच्या आधीच त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. कोल्हापूरहून धनबादची दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच आहे आणि रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, तेव्हा पहिल्याच दिवशी जायचं काढा, परतीचं उघडलं की तेही लगेच कंपनीच्या पैशानं काढा. जे तीन आले नाहीत त्यांना आज फोन करा, ठेकेदाराला लावायला सांगू नका, स्वतः करा.